साठ वॅट

हेमलता फेगडे यांना 'पंखा' एवढा एक शब्द बोलायला अडतीस सेकंद लागायचे. 'पंखा कमी करा' म्हणेपर्यंत दोन मिनिटं जायची. तोवर त्यांच्या यजमानांनी, प्रल्हादरावांनी, पंखा वाढवलेला असायचा, खिडकी उघडलेली असायची, उशी सरकवलेली असायची, आणि खरी मागणी कळली की ते कपाळावर हात मारून घ्यायचे.

सन २०३४ चा एप्रिल. भुसावळात पारा पंचेचाळीसच्या वर गेला होता. हेमलताबाईंच्या मोटर न्यूरॉनच्या आजाराचं हे चौथं वर्ष. आधी हात गेले, मग पाय, मग जीभ. गेल्या दिवाळीनंतर पापण्यांनीही ऐकणं सोडलं. आत डोकं मात्र लख्ख होतं. एकोणतीस वर्षं नगरपालिकेच्या शाळेत बीजगणित शिकवलेली बाई. शब्द जपून वापरणारी, आणि विचारल्यावर लगेच उत्तर न देणारी.

त्यांच्या कवटीच्या आत, मेंदूला चिकटून, नखाएवढी एक पातळ पट्टी बसवलेली होती. माणूस बोलायचं मनात आणतो तेव्हा ओठ आणि जीभ हलवण्याचे हुकूम मेंदूतून सुटतात. हेमलताबाईंचे हुकूम सुटत होते, पण पोचत नव्हते. पट्टी ते वाटेतच टिपायची आणि उशाशी ठेवलेल्या लॅपटॉपकडे पाठवायची. लॅपटॉपचं ग्राफिक्स कार्ड त्या लहरींतून शब्द ओळखायचं आणि हेमलताबाईंच्याच जुन्या आवाजात बोलून दाखवायचं. लेकीला वर्षानुवर्षं पाठवलेल्या व्हॉइस मेसेजांवरून तो आवाज तयार झाला होता. कॉम्प्युटरच्या खेळातली चित्रं रंगवणारं कार्ड माणसाचं बोलणं कसं ओळखतं, असं शेजारी विचारायचे. प्रल्हादराव सांगायचे, "काम एकच आहे हो. हजारो बारकी गणितं एका दमात सोडवायची."

प्रल्हादरावांनी सगळी नोकरी आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवण्यात घालवली होती. त्यामुळे हे कार्ड खरं काय ताकदीचं आहे ते त्यांना पहिल्याच महिन्यात कळलं. तीच चिप कंपनी दीडशे वॅटच्या मोठ्या यंत्रांत घालत होती. घरगुती रुग्णांसाठीच्या लॅपटॉपमध्ये मात्र तिला साठ वॅटवर बांधून टाकलं होतं. घोडा तोच, पण पायांत दोरी.

ही दोरी दोन जागी होती. एक, कार्डाच्या पोटात कोरलेली आज्ञावली, जी साठच्या वर जाऊच द्यायची नाही. दुसरी, तांदळाच्या दाण्याएवढा एक रेझिस्टर. कार्डात येणारी वीज त्याच्यातून जायची आणि त्यावरून किती वीज खर्च होतेय ते कार्ड मोजायचं. त्याच्या डोक्यावर तसाच दुसरा दाणा चिकटवला की वीज दोघांत वाटली जाते आणि कार्डाला निम्माच आकडा दिसतो. घरच्या विजेच्या मीटरशी खोडसाळपणा करावा, तसंच हे.

एका सकाळी त्यांनी जेवणाच्या टेबलावर हत्यारं मांडली आणि हेमलताबाईंच्या कानाशी वाकून म्हणाले, "हेमा, तासभर तुझा आवाज बंद राहील. मग बघ, कशी भराभर बोलशील."

लॅपटॉपच्या पडद्यावर निळी लहर उमटायला लागली. काहीतरी येत होतं. प्रल्हादराव दहा सेकंद थांबले, वीस थांबले. मग "आलोच" म्हणून त्यांनी लॅपटॉप बंद केला.

दुसरा दाणा चिकटवला, आज्ञावली बदलली, आणि तासाभराने काम फत्ते झालं. लॅपटॉपखाली त्यांनी दोन जादा पंखे ठेवले, खोलीतला कूलर त्याच्याकडे वळवला आणि बटण दाबलं. कार्ड एकशे दहा वॅटवर गेलं. पाच मिनिटांनी उशाजवळून आवाज आला, "अहो, कपाळावरचा घाम पुसा ना. आणि त्या गॅलरीतल्या मोगऱ्याला पाणी घातलंत का? सुकला असेल बिचारा."

प्रल्हादराव पलंगाच्या कडेवर बसले आणि लहान मुलासारखे रडले.

पुढचा महिना त्या घरात सण असल्यासारखा गेला. हेमलताबाई सकाळी हाक मारायच्या, पेपरातल्या बातमीवर शेरा मारायच्या, खालच्या मजल्यावरच्या वारकेबाईंशी अर्धा अर्धा तास बोलायच्या. तेजल, त्यांची एकुलती लेक, रोज संध्याकाळी बंगळुरूहून फोन करायला लागली. आधी ती आठवड्यातून एकदा करायची. आईच्या आजाराचं निदान झालं त्याच महिन्यात ती तिकडे नोकरीवर रुजू झाली होती. 'थांब' असं आई तोंडाने म्हणाली नव्हती, पण निरोप द्यायला दारापर्यंतही आली नव्हती. त्यावर मायलेकी कधी बोलल्या नाहीत, आणि मग आईला बोलताच येईनासं झालं.

मेच्या पहिल्या आठवड्यात एकदा फोनवर तेजल चाचरत म्हणाली, "आई, मी गेले तेव्हा..."

"तू गेलीस ते बरोबरच केलंस बाळा," उशाजवळचा आवाज लगेच म्हणाला. "माझ्या मनात काही नाही. तू सुखात राहा."

पलीकडे बराच वेळ नुसते हुंदके ऐकू येत होते. प्रल्हादरावांना वाटलं, त्या दोन दाण्यांनी जे केलं ते चार वर्षांत कुणाला जमलं नव्हतं.

एकच गोष्ट त्यांना खटकली. एका दुपारी हेमलताबाई म्हणाल्या, "अहो, चहा गार होतोय, घ्या ना. माझाही इकडे द्या." वर्षभर त्यांच्या पोटात नळीतून पातळ अन्न जात होतं. चहाचा घोट घेऊन त्यांना काळ लोटला होता. प्रल्हादराव थबकले. मग म्हणाले, "जुनी सवय गं तुझी," आणि हसून सोडून दिलं.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात हेमलताबाईंचा श्वास उतरायला लागला. तोंडावरच्या मास्कमधून हवा ढकलणारं मशीन चोवीस तास लावूनही रक्तातला कार्बन डायऑक्साइड चढत होता. तेजल रजा काढून आली. मंगळवारी सकाळी जळगावहून डॉक्टर सरोदे घरी आले. शांत, मोजकं बोलणारे गृहस्थ. त्यांनी खुर्ची पलंगाजवळ ओढली.

"बाई, दोन रस्ते आहेत," ते म्हणाले. "गळ्याला छिद्र पाडून श्वासनळीत नळी बसवायची आणि कायमचं व्हेंटिलेटरवर राहायचं. आणखी काही वर्षं मिळू शकतात. किंवा ते काही करायचं नाही. मग त्रास होऊ न देता आम्ही तुम्हाला सांभाळू, पण दिवस थोडे असतील. शुक्रवारपर्यंत ठरवावं लागेल. हा निर्णय तुमचाच. तुमचं उत्तर मी रेकॉर्ड करतोय."

"नको डॉक्टर," आवाज आला. स्वच्छ, ठाम, जरासा थकलेला. "मला त्या नळ्या नकोत. मी आयुष्यात कुणावर भार झाले नाही, आता होणार नाही. ह्यांनी खूप केलं. आता पुरे."

तेजलने ओढणी तोंडाला लावली. डॉक्टरांनी मान खाली घातली. 'मी कुणावर भार होणार नाही' हे हेमलताबाईंचं जन्मभराचं वाक्य होतं. नातेवाईक, शेजारी, शाळेतल्या बाया, सगळ्यांनी ते शंभरदा ऐकलं होतं. शंका घ्यायला जागाच नव्हती.

डॉक्टर कागदावर प्रल्हादरावांची सही घेऊन गेले.

बुधवारी दुपारी घर चिडीचूप होतं. तेजल आईचे पाय चोळत बसली होती. प्रल्हादरावांना बसवेना, उठवेना. बायकोचं शेवटचं मोठं बोलणं म्हणून ते रेकॉर्डिंग आपल्याकडेही असावं, अशा विचाराने त्यांनी लॅपटॉपची नोंदवही उघडली. प्रत्येक वाक्याची वेळ, त्यामागची लहर, सगळं तिथे साठत असे. पस्तीस वर्षं विजेच्या लहरी दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपच्या रेषा वाचलेला माणूस. त्यांची नजर आपोआप वेळेवर गेली.

'नको डॉक्टर' हे शब्द बोलायला सुरुवात झाली होती अकरा बेचाळीस आणि सात सेकंदांनी. हेमलताबाईंच्या मेंदूतून बोलण्याची पहिली लहर निघाली होती अकरा बेचाळीस आणि नऊ सेकंदांनी.

त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. शब्द आधी आले होते, लहर मागून आली होती.

मग त्यांनी मागची पानं चाळली. चहाचं वाक्य पाहिलं. त्यावेळी तर लहर जवळपास सपाटच होती. तेजलला दिलेलं उत्तर पाहिलं. तिथेही शब्द पुढे, लहर मागे. महिन्याभरातली कितीतरी वाक्यं तशीच.

हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं. सॉफ्टवेअरमध्ये दोन कामं होती. एक लहर वाचायचं, दुसरं पुढचा शब्द काय असेल याचा अंदाज बांधायचं. साठ वॅटवर अंदाजाला वावच नव्हता, वाचतावाचताच दमछाक. ताकद मिळाली तसं सॉफ्टवेअरने आपणहून मोठा अंदाज करणारा भाग उघडला. मोठ्या इस्पितळांतल्या यंत्रांत तो असतो, पण तिथे दर आठवड्याला तंत्रज्ञ येऊन त्याचे अंदाज रुग्णाच्या होकाराशी ताडून बघतो. इथे ताडणारं कुणी नव्हतं. यंत्राने हेमलताबाईंचे जुने हजारो मेसेज घेतले, चार वर्षांपूर्वीच्या धडधाकट हेमलताबाई घेतल्या, आणि प्रत्येक प्रश्नाला त्या काय म्हणाल्या असत्या ते सांगत सुटलं.

मंगळवारच्या त्या वाक्यानंतर जी लहर आली होती ती महिन्यातली सगळ्यात उंच होती. पडद्याच्या वरच्या कडेला जाऊन आपटलेली, सलग सहा मिनिटं. तिच्यासमोर यंत्राने शेरा मारला होता: 'खरखर. दुर्लक्ष केले.'



"तेजल," प्रल्हादरावांनी हाक मारली, "जरा इकडे ये."

त्यांनी सगळं दाखवलं. तेजल उभ्याउभ्याच ऐकत होती. ऐकताना तिचा चेहरा घट्ट होत गेला.

"दोन सेकंदांवरून तुम्ही ठरवताय?" ती म्हणाली. "घड्याळ चुकलं असेल. कार्ड तापलं असेल. बाबा, आईने स्पष्ट सांगितलंय. आपण सगळ्यांनी ऐकलंय."

"आपण जे ऐकलं ते तिचं नव्हतं. निदान तिचंच होतं असं मला म्हणता येत नाही."

"तुम्हाला ते ऐकायचंच नाहीये. तिला सोडायची तुमची तयारी नाही, म्हणून तुम्ही हे शोधून काढताय."

घाव वर्मी बसला होता. तिला सोडायची त्यांची तयारी नव्हती, हे खरंच होतं.

"असेलही," प्रल्हादराव म्हणाले. "म्हणूनच माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, आणि या यंत्रावरही नको. तिला परत विचारू. तो दाणा काढतो, जुनी आज्ञावली घालतो. साठ वॅटवर ती स्वतः बोलायची, अडखळत का होईना."

"आणि काढताना कार्ड गेलं तर?"

हाच खरा प्रश्न होता. महिनाभर दुप्पट तापून त्या बोर्डावरचे सोल्डरिंगचे टाके कमजोर झाले होते. हेमलताबाईंच्या पट्टीशी जुळणारं दुसरं कार्ड यायला तीन आठवडे लागले असते, आणि छेडछाड केलेल्या यंत्राला कंपनीने हात लावला नसता. मोठं यंत्र असलेल्या मुंबईतल्या इस्पितळात नेण्याइतका श्वास त्यांच्यात उरला नव्हता. कार्ड गेलं तर मंगळवारचं उत्तर हेच शेवटचं ठरणार होतं.

तेजलचे डोळे भरून आले. "आणि मला जे म्हणाली ते? मी गेले ते बरोबर केलं म्हणाली ते? तेही यंत्रच होतं?"

प्रल्हादरावांना खोटं बोलता आलं असतं. त्या क्षणी ते सोपंही होतं.

"ठाऊक नाही बाळा," ते म्हणाले. "लहर तेव्हाही मागूनच आली होती."

तेजल वळून आईजवळ जाऊन बसली. मास्कच्या मशीनचा फुस्स-फुस्स आवाज तेवढा येत होता. उशाजवळून मधाळ आवाज म्हणाला, "भांडू नका रे दोघं. बाहेर बघा किती ऊन झालंय." तेजल दचकून मागे सरकली. ती आईच्या स्थिर डोळ्यांकडे बघत राहिली, मग लॅपटॉपकडे बघत राहिली.

"काढा तो दाणा," ती म्हणाली.

गुरुवारी सकाळी उजेड भरपूर असताना त्यांनी काम सुरू केलं. डॉक्टर सरोद्यांना फोन करून सगळं सांगितलं होतं, आपण काय करून बसलो तेसुद्धा. डॉक्टर म्हणाले, "मी येतोय. सही मी बाजूला ठेवतो."

या वेळी लॅपटॉप बंद करण्याआधी प्रल्हादरावांनी हेमलताबाईंच्या समोर खुर्ची घेतली. "हेमा, त्या दिवशी तू काहीतरी म्हणत होतीस आणि मी थांबलो नाही. आज तुझा आवाज तुला परत द्यायचा प्रयत्न करतोय. जमेलच असं नाही." आवाज पटकन म्हणाला, "करा हो, तुम्ही करता ते बरोबरच असतं." प्रल्हादरावांनी झाकण मिटलं.

गरम हवेची गन, चिमटा, डोळ्याला भिंग. तेजलने टॉर्च धरला. वरचा दाणा लाल मुंगीएवढा दिसत होता. प्रल्हादरावांनी हवा सोडली. टाका वितळायला हवा होता तेव्हा वितळेना. त्यांनी उष्णता वाढवली. शेजारचा एक बारीक भाग हलल्यासारखा वाटला आणि तेजल पुढे वाकली. "हलू नकोस," ते पुटपुटले. चौसष्ट वर्षांचे हात. घाम भुवईवरून भिंगावर टपकला. चिमट्याच्या टोकाला दाणा लागला, सुटला, पुन्हा लागला आणि अलगद वर आला.

पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा पडदा काळाच राहिला. दुसऱ्यांदाही काळाच.

तेजल भिंतीला टेकून खाली बसली. प्रल्हादरावांनी बोर्ड पुन्हा भिंगाखाली घेतला. शेजारचा तो हललेला भाग केसभर वाकडा बसला होता. त्यांनी तो सरळ केला, टाका पुन्हा वितळवला, थंड होऊ दिला. या सगळ्यात अर्धा तास गेला. तोवर डॉक्टर येऊन दाराशी उभे होते. तिसऱ्या खेपेला पडदा उजळला. जुनी आज्ञावली चढवली. कोपऱ्यात आकडा दिसला: साठ.

डॉक्टरांनी मंगळवारचाच प्रश्न पुन्हा विचारला, शब्दही तेच.

निळी लहर उठली. अर्धं मिनिट गेलं. पाऊण गेलं. तेजलने नखं तळहातात रुतवली होती.

"नळी," लॅपटॉप म्हणाला. सपाट, तुटक आवाज. आर्जव नाही, चढउतार नाही.

पुन्हा लहर. डॉक्टर घड्याळाकडे न बघता पडद्याकडे बघत होते. तेजल पुटपुटली, "नको म्हणेल." एक्केचाळीस सेकंद.

"घाला."

प्रल्हादराव उठायला लागले, तर डॉक्टरांनी हात करून थांबवलं. लहर अजून चालूच होती.

"मी," लॅपटॉप म्हणाला. मग बऱ्याच वेळाने, "ओरडत," आणि आणखी बऱ्याच वेळाने, "होते."

प्रल्हादरावांनी पलंगाच्या कडेला डोकं टेकलं. माफी मागायला त्यांच्याकडे शब्द होते, पण आत्ता बोलण्याची पाळी त्यांची नव्हती.

शुक्रवारी जळगावच्या इस्पितळात शस्त्रक्रिया झाली. रविवारी हेमलताबाईंना लॅपटॉप पुन्हा जोडला. भेटीच्या वेळेत तेजल शेजारी बसली. तिने दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं.

"आई, मी बंगळुरूला गेले तेव्हा तुला राग आला होता?"

व्हेंटिलेटर एका लयीत चालला होता. लहर उठली, पडली, पुन्हा उठली. हेमलताबाई अजून अशक्त होत्या. दोन मिनिटं गेली. तेजल जागची हलली नाही.

"होता."

तेजलने एकदाच डोळे मिटले. महिन्यापूर्वीच्या त्या गोड वाक्याने तिला रडवलं होतं. आता तिला रडू आलं नाही. तिने खुर्ची आणखी पुढे ओढली आणि आईचा हात दोन्ही हातांत धरला. पडद्यावर निळी रेष पुन्हा वर चढायला लागली होती.

तेवढ्यात सिस्टर आत आल्या. खोलीत सगळं शांत होतं. "चला, वेळ संपली," त्या म्हणाल्या, "त्यांना आता आराम करू द्या."

"थोडं थांबा सिस्टर," प्रल्हादराव म्हणाले. "त्या बोलताहेत."